एका दिवसात अल्बम होतोय काय, काका?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की रॉक बँडचा तुमचा आवडता पहिला अल्बम कुठला आणि का ते कळवा, आणि मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील, त्यातली निम्मी ओळखीच्यांची. पण व्हॉट्सॲप, पोस्टकार्ड, एक तर चक्क बेकरीच्या बिलामागं लिहिलेलं, असा ढीग झालाय. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही. आणि 'टॉप टेन द्या काका' म्हणणाऱ्यांना यादी मिळणार नाही, आत्ताच सांगतो. याद्या मोबाईलवर ढिगानं पडल्यात, त्यासाठी मासिक कशाला विकत घ्यायचं?

प्रश्न: काका, बीटल्सनं पहिला अल्बम एका दिवसात केला असं तुम्ही मागं लिहिलेलं. आम्हाला कॉलेजच्या गॅदरिंगला एक गाणं बसवायला तीन आठवडे लागले आणि तरी ड्रमवाला चुकला. एका दिवसात अल्बम होतोय काय? का उगंच फेकायलाय?
— कॉलेजचा विद्यार्थी, निपाणी

फेकत नाही रे बाबा, हिशोबच सांगतो. ११ फेब्रुवारी १९६३, लंडनचा ॲबी रोडवरचा ईएमआय स्टुडिओ, सकाळी दहाला चालू केलं आणि रात्री पावणेअकराच्या आसपास उठले, तेवढ्यात दहा गाणी. बाकीची चार आधीच दोन सिंगल्सवर, म्हणजे दोन-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आलेली होती, ती धरून चौदा, आणि मार्चमध्ये 'प्लीज प्लीज मी' दुकानात. त्यांचा गायक जॉन लेनन, त्याला त्या दिवशी जबरदस्त सर्दी, म्हणून जे गाणं गळा फाडून म्हणायचं होतं ते 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटाला ठेवलं, कारण ते आधी म्हटलं असतं तर बाकीच्याला आवाजच उरला नसता. पहिल्या टेकला जे आलं तेच अल्बमवर आहे. दुसऱ्यांदा करून बघितलं तर घसा बसलेला. आता ते गाणं कान देऊन ऐक, आवाज कुठं चिरतोय ते नीट कळतंय.

पण तुमचे तीन आठवडे आणि त्यांचा एक दिवस अशी बरोबरी करू नकोस. त्या एका दिवसामागं हॅम्बुर्गच्या बारमध्ये रात्र रात्र वाजवलेलं होतं, समोर दारू प्यायलेले खलाशी, थांबलं की ओरडायचे. आपल्याकडं एकादशीला भजनी मंडळ रात्रभर बसतंय ते काय रिहर्सल करून बसतंय होय? वर्षानुवर्षं तेच अभंग, त्यामुळं पखवाजवाल्याला नुसता डोळा केला की कळतंय. रेकॉर्डिंग एका दिवसाचं, गाणी काय एका दिवसाची नव्हेत.

आणि हे एकटे नव्हेत. लेड झेपेलिनचा पहिला म्हणजे साधारण छत्तीस तासांचं स्टुडिओचं काम आणि १,७८२ पौंड खर्च, तेपण रेकॉर्ड कंपनी गाठ पडायच्या आधी जिमी पेज आणि मॅनेजरनं खिशातनं घातलेले. आपले रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, पण स्टुडिओवाले टाकतात, आणि स्वतःचे पैसे पळायला लागले की माणूस उगंच चाळीस वेळा गिटार ट्यून करत बसत नाही. ब्लॅक सॅबथचा पण ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसातच आटपलेला. त्यांच्यावर मात्र पुढं सविस्तर, कारण खालचं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहूच शकलो नाही.

प्रश्न: दादा, मी उद्यमबागेत पॉवर प्रेसवर आहे. गेल्या वर्षी सेकंड शिफ्टला डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. काम परत चालू केलंय. पण दहा वर्षं गिटार वाजवत होतो ती आता कपाटावर आहे. पोरं म्हणतात ब्लॅक सॅबथच्या गिटारवाल्याचं पण असंच झालेलं. खरं आहे काय? का समजूत घालायला सांगतात?
— एक कामगार, बेळगाव

खरं आहे भावा. आणि नुसतं खरं नाही, अगदी तुझ्यासारखंच आहे. टोनी आयोमी, बर्मिंगहॅम. ते गाव म्हणजे मोठं उद्यमबागच समज, फाउंड्री, प्रेस, पत्र्याचे कारखाने, भोंगा. हा सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, आणि त्या दिवशी नोकरीचा शेवटचा दिवस, कारण बँडबरोबर जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला आता परत जात नाही. आई म्हणाली, काम धरलंयस तर दिवस पुरा करून ये. गेला. प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथं उभा केला. उजव्या हाताच्या मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हातच तारा दाबायचा.

पुढचं मला सगळ्यात आवडतं. त्याच्या फोरमननं घरी येऊन त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. आयोमी चिडला, आत्ता मला गिटार ऐकायला सांगतोय. ऐकून झाल्यावर फोरमननं सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी सोलो वाजवतोय, बाकीची दोन आगीत जळून आखडलेत. मग हा उठला. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, सोल्डरिंगच्या गरम टोकानं भोक पाडून टोपणं केली, घासून घासून बोटाला बसवली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, तार घसरू नये म्हणून. जाड तारा दाबताना दुखायच्या, बारीक तारांचा सेट तेव्हा मिळत नव्हता, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. टोपणातनं तार बोटाला लागत नाही, कुठं दाबतोय ते कानानंच कळणार. त्यामुळं त्याचं वाजवणं बदललं, मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम बरेच सूर दाबायचे ते, कमी, दोन-तीन सुरांचे जाडजूड तुकडे जास्त. त्याच तुकड्यांवर पुढं अख्खा हेवी मेटल उभा राहिला. पुढं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमला तर तारा आणखी ढिल्या करून सूरच खाली आणला.

आता तुझं. जखम पूर्ण भरलीय का ते आधी डॉक्टरला दाखव, टोकाला झिणझिण्या येत असतील तर घाई नको. सिलिकॉनची बोटटोपणं मिळतात. नाही बसली तर तू तर मशीनवरचा माणूस, माप घेऊन तूच माझ्यापेक्षा चांगली करशील. आठ किंवा नऊ नंबरच्या बारीक तारा लाव, ट्यूनिंग अर्धा सूर उतरव आणि रोज दहा मिनिटंच. आणि 'ब्लॅक सॅबथ' या नावाचाच त्यांचा पहिला अल्बम आहे, फेब्रुवारी १९७० चा, तो लाव. पाऊस आणि घंटेनं सुरू होतो. मी तो पहिल्यांदा जुलैत ऐकला, आमच्या शहापूरच्या घराला वर पत्रे, आणि बराच वेळ कळेना की कॅसेटमध्ये पाऊस पडायलाय का पत्र्यावर. आई बाहेरनं ओरडली, कपडे काढ रे.

जुलै २०२५ मध्ये त्यांचा गायक ओझी गेला. त्याच्या अडीच आठवडे आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅममध्येच व्हिला पार्कच्या मैदानावर ते मूळचे चौघं शेवटचं एकत्र वाजवून घेतले. आयोमीच्या बोटावर टोपणं होतीच.

कपाटावरची खाली काढ. काढलीस की मला कळव.

प्रश्न: आपले सदर मी नियमित वाचतो, परंतु खेद वाटतो. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरील सुळेभावी येथे पंडित कुमार गंधर्वांचा जन्म झाला, धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर होऊन गेले, आणि आपण तरुणांना बर्मिंगहॅमच्या गोंगाटाकडे वळवता. हे योग्य आहे काय?
— निवृत्त शिक्षक, शहापूर

सर, तुम्ही रागावलाय तरी नियमित वाचताय, आनंद आहे. पण नाव तुम्ही कुमारजींचंच काढलंत म्हणून बोलतो. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला पाच-सहा वर्षं गाणं बंद. परत गायला लागले तेव्हा लांब दमसास राहिला नव्हता, मग छोट्या छोट्या तुकड्यांनी, मध्येच झटका देऊन, मध्येच श्वास सोडून गायले, आणि तीच त्यांची गायकी झाली. आता वरचं पत्र परत वाचा. एकाची बोटं, एकाचं फुप्फुस. मी काय दोघांना एका पाटावर बसवत नाही सर, पण दोघांचं ऐकताना मला एकच गोष्ट ऐकू येते, आणि तुमच्या वर्गात मी असतो तर तुम्ही मला हेच शिकवलं असतं असं वाटतंय.

प्रश्न: आमच्यात पैज लागलीय, अर्धा किलो कुंदा. मी म्हणतो निर्वाणा बँडचा पहिला अल्बम 'नेव्हरमाइंड'. मित्र म्हणतो नाही. कोण बरोबर?
— गोकाक

मित्र. कुंदा आण. पहिला 'ब्लीच', जून १९८९, सब पॉप नावाच्या सिॲटलच्या छोट्या कंपनीचा. 'नेव्हरमाइंड' १९९१ चा, दुसरा, आणि डेव्ह ग्रोल पण मध्येच आलाय, पहिल्यावर ड्रमला तो नाही. 'ब्लीच'चं रेकॉर्डिंगचं बिल ६०६ डॉलर १७ सेंट, ते पण बँडकडं नव्हते, जेसन एव्हरमन नावाच्या मित्रानं भरले. म्हणून अल्बमवर त्याचं नाव गिटारवाला म्हणून छापलं, फोटोतपण आहे, आणि वाजवलंय काय? एक सूर पण नाही. आपल्याकडं गणपतीच्या पत्रिकेवर देणगीदाराचं नाव 'प्रमुख कार्यकर्ते' म्हणून येतंय तसलाच प्रकार.

प्रश्न: पर्ल जॅमचा पहिलाच अल्बम 'टेन' म्हणता. मग बाकीचे नऊ कुठं गेले?
— चिकोडी

कुठं नाही गेले, ते व्हायचेच नव्हते. बँडचं सुरुवातीचं नाव मूकी ब्लेलॉक, एका बास्केटबॉलवाल्याच्या नावावरनं. नाव बदलावं लागलं, पण त्याच्या जर्सीचा नंबर दहा, तो अल्बमला दिला. १९९१.

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा अकरावीला आहे. खोलीत कडी लावून मोठ्यानं गाणी लावतो. भिंतीवर क्रॉसवर पाच कवट्या असलेलं चित्र आहे. आमच्या जाऊबाई म्हणतात हे सैतानाचं आहे, उतरवून टाक. मी काय करू?
— एक आई, खानापूर

अक्का, घाबरू नका. त्या पाच कवट्या म्हणजे त्या बँडची पाच पोरं, गन्स एन रोझेसची, प्रत्येकाच्या केसावरनं-टोपीवरनं ओळखायचं, उंच टोपी घातलेला तो गिटारवाला स्लॅश. अल्बम 'अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', जुलै १९८७. आधी वर दुसरंच चित्र होतं, ते इतकं वंगाळ की दुकानदार ठेवून घेईनात, म्हणून हे कवट्यांचं पुढं आणलं. म्हणजे तुमच्या भिंतीवर आहे ते त्यातल्या त्यात सोज्वळ चित्र आहे हे जाऊबाईंना सांगा. गाण्यांतली भाषा मात्र काही ठिकाणी वाईट आहे, ते लपवत नाही.

सैतानाचं म्हणाल तर युरोपात जुन्या काळी सुरांच्या एका जोडीलाच सैतानाचं नाव दिलेलं. ब्लॅक सॅबथचं पहिलं गाणं त्यावरच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा सा, मग वरचा सा, आणि मग तीव्र मध्यमावर येऊन थरथरत थांबायचं. तोच तीव्र मध्यम यमनात घेतला की आपण समई लावून बसतो. सूर बिचारा तोच.

या अल्बमची माझी स्वतःची एक फजिती आहे. कॉलेजात असताना खडे बाजारात गाणी भरून द्यायचं एक दुकान होतं, तिथनं हा अल्बम भरून घेतला. साठ मिनिटाची कॅसेट संपली म्हणून त्यानं पंचेचाळीसची घातली आणि मला काही बोलला नाही. त्यामुळं पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, 'पॅरडाइज सिटी', दोन मिनिटांत खट्ट करून बंद. आणि मला वाटायचं गाणं तेवढंच आहे! उलट मी मित्रांना सांगायचो, बघा कसं एकदम तोडलंय, काय धाडस. तीन वर्षांनी धारवाडला एका हॉस्टेलवर ते पूर्ण ऐकलं तेव्हा कळलं की पुढं साडेचार मिनिटं आणखी आहेत आणि शेवटी तर गाणं डबल स्पीडला पळतंय. मी तिथं काही बोललो नाही, नुसती मान हलवली, माहीत असल्यासारखी.

मुलाला कडी काढायला सांगा आणि एकदा आत बसून ऐका. आवाज कमी कर म्हणायचा हक्क आईला आहेच.

प्रश्न: द डोअर्समध्ये बेस गिटारवालाच नाही म्हणे. मग खालचा आवाज येतो कुठून? मी कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरमध्ये बेस वाजवतो, म्हणून विचारतोय, थोडं वाईट वाटलं.
— कॅम्प, बेळगाव

वाईट वाटून घेऊ नका, तुमची नोकरी शाबूत आहे. रे मॅन्झारेक उजव्या हातानं ऑर्गन आणि डाव्या हातानं फेंडरचा छोटा पियानो बेस वाजवायचा, स्टेजवर तेवढ्यावरच भागायचं. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला, याचा मोकळा, एवढाच फरक. पण जानेवारी १९६७ च्या पहिल्या अल्बमला काही गाण्यांत बेस कमी पडला, तेव्हा लॅरी नेक्टेल नावाच्या बेसवाल्याला गुपचूप बोलावून घेतलंच, 'लाइट माय फायर' मध्ये तोच आहे. आणि कव्हरवर नाव नाही. म्हणजे एव्हरमनच्या बरोबर उलटं.

प्रश्न: सगळे गोरेच. आपल्याकडच्यांचं काही नाही काय?
— हुक्केरी

आहे की. मुंबईच्या रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९८८. तेव्हा कॉलेजच्या फेस्टिव्हलात स्वतःचं गाणं वाजवलं की खालनं ओरडायचे, डीप पर्पल लाव, म्हणजे इंग्रज बँडचंच पाहिजे, अशा काळात स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढणं हेच मोठं. गाणी आज ऐकली तर केस फुगवलेली वाटतात, पण मान द्यायला पाहिजे. पुढं याच बँडचं नाव इंडस क्रीड झालं. मग १९९३ चा दिल्लीच्या इंडियन ओशनचा पहिला, गिटारच्या शेजारी तबला, गाणं कमी आणि वाजवणं जास्त, अजून शिळा झालेला नाही. बंगळूरच्या अगमचा २०१२ चा पण आहे, ज्यांना कर्नाटक संगीत आवडतं त्यांनी घ्या.

पण आपल्या भागातल्यांनी एकच ऐकायचा तर २००८ चा रघू दीक्षितचा. कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच अल्बमवर, आणि त्यात दोन गाणी शिशुनाळ शरीफांची. शिशुनाळ म्हणजे शिग्गावीजवळ, हावेरी जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकातला हा संत, मुसलमान घरातला, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. त्यातलं एक पद घराचं छप्पर गळतंय, अज्ञानानं गळतंय अशा अर्थाचं. खानापूरकडं कौलं शाकारायचा ज्याला अनुभव आहे त्याला ते वेगळं समजवायला नको. मला कन्नड बाजारापुरतंच येतंय, तरी पहिल्या कडव्याला पोहोचलं. आमच्या वाड्यात भाडेकरू होते ते धारवाडकडचे, त्यांची आजी हीच पदं टाळी देत म्हणायची, ड्रम-गिटारवर ऐकताना मधनंच तिची टाळी ऐकू आल्यासारखी वाटली. बोर्डावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर आपण इथं किती वर्षं भांडायलोय, आणि अल्बमवर बघितलं तर तिन्ही भाषा एका ओळीत गपगुमान बसलेल्या. असो, हा विषय इथं काढला की संपादक फोन करतात.

प्रश्न: आम्ही चौघं वडगावचे. गणपतीत मंडळापुढं तीन वर्षं वाजवतोय, स्वतःची पाच गाणी आहेत. अल्बम काढायचाय. गोव्याला स्टुडिओत जाऊ की घरीच करू? घरी अडचण ही की खाली पॉवरलूम आहे.
— वडगाव, बेळगाव

गोव्याला जायचंच तर गाणी हाताला बसल्यावर जा, तिथं जाऊन बसवायला नको, मीटरचं वर सांगितलंय. घरी करायचं म्हटलं तरी लाज बाळगू नका. बोस्टन नावाच्या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम बराचसा टॉम शोल्झ नावाच्या इंजिनिअरनं घराच्या तळघरात केलाय, दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी, रात्री खाली रेकॉर्डिंग, वर्षानुवर्षं तेच ते घासत. त्याचे अमेरिकेतच दीड कोटीच्या वर खपले. म्हणजे सगळेच एका दिवसातवाले नसतात, निपाणीच्या पोरानं हे पण वाचावं.

तुमची खरी अडचण मागाची. माग बंद पडणार लाइट गेल्यावर, आणि लाइट गेली की तुमचं रेकॉर्डिंग पण बंद! तेव्हा ड्रम तेवढा सुट्टीच्या दिवशी आटपून घ्या, गिटार आणि बेस वायरनं थेट लॅपटॉपला जोडा, त्यात खटाखट येत नाही, आणि गाण्याला गाद्यांच्या मध्ये उभं राहा. पाच गाण्यांचा अल्बम होत नाही, पण पाच गाणी बाहेर काढता येतात. आणि एका गाण्यात माग तसाच राहू द्या. पावसानं सुरू होणारा अल्बम चालतो तर मागानं सुरू होणारा का चालू नये?

प्रश्न: काका, तुमच्याकडं ब्लॅक सॅबथची ती जुनी कॅसेट अजून आहे काय? ऐकायला मिळेल?
— टिळकवाडी

नाही. ती मी १९९४ मध्ये दुसऱ्या गेटजवळ राहणाऱ्या एका मित्राला चार दिवसांसाठी दिली. तो हे सदर वाचतो. कव्हरच्या आत निळ्या शाईनं माझं नाव आहे.